ध्रुवाकडची जमीन कशी तापते, कशी गोठते: जमिनीच्या तापमानाचा डेटा पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

पोलर रिसर्चमध्ये नव्याने आलेल्या पोरांच्या हातात बरेचदा पहिली फाईल येते ती जमिनीच्या तापमानाची. आठ-दहा कॉलम, दर तासाला एक आकडा, वर खोली लिहिलेली, ५ सेंमी, २० सेंमी, ५० सेंमी, १ मीटर वगैरे. आणि बहुतेक जण काय करतात तर लगेच वर्षाची सरासरी काढतात, त्यातून एक सरळ रेघ मारतात आणि तापमान वाढतंय असं लिहून मोकळे होतात. वाढतंय हे खरं आहेच, पण त्या एका रेघेत जमिनीने वर्षभर काय केलं ते सगळं पुसलं जातं, आणि माझं मत असं आहे की ज्याला एका वर्षाचा ग्राफ नीट वाचता येत नाही त्याने वीस वर्षांच्या ट्रेंडवर बोलू नये. म्हणून हा लेख, एकेक पायरी करत जाऊ.

सरावासाठी डेटा कुठला घ्यायचा? स्वालबार्ड म्हणजे आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं, तिथलं न्यी-आलेसुंद हे गाव घ्या. भारताचं हिमाद्री स्टेशन तिथेच आहे, २००८ पासून, आणि ते चालवणारी एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) ही संस्था गोव्यात वास्कोला आहे. त्याच गावाजवळ बायएल्वा नावाची साइट आहे, तिथे जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट १९९८ पासून जमिनीचं तापमान मोजतेय, आणि २००९ पासून ९ मीटर खोल बोअरहोलही आहे. हा डेटा पॅन्जिया नावाच्या ओपन आर्काइव्हवर फुकट मिळतो. शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, कारण रेकॉर्ड लांब आहे आणि पर्माफ्रॉस्टमध्ये जे जे होतं ते जवळपास सगळं तिथे बघायला मिळतं.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय हे एकदा पक्कं करून घ्या. जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंश किंवा त्याखाली राहते ती. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही, कोरडा खडकसुद्धा पर्माफ्रॉस्ट असू शकतो. त्याच्या वरचा जो थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठतो तो अ‍ॅक्टिव्ह लेयर. आणि या लेखात मी आकाशातून पडतं त्याला हिम म्हणेन आणि जमिनीत पाणी गोठून होतं त्याला बर्फ, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

पायरी १: आधी सूर्य बघा, मग तापमान

फाईल उघडायच्या आधी अक्षांश आणि रेखांश लिहून घ्या आणि सूर्य वर्षभर किती वर येतो त्याचा हिशोब करा, दोन मिनिटांचं काम आहे. न्यी-आलेसुंद साधारण ७८.९ उत्तर. २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर ३४-३५ अंश असतो आणि मध्यरात्री सुद्धा १२ अंशांवर असतोच, मावळतच नाही, नुसता गोल फिरतो. म्हणजे दिवस आणि रात्र यातला फरक कमी, त्यामुळे जमिनीतली रोजची लाट, म्हणजे तापमानाचं दर २४ तासांनी खालीवर होणं, तीही त्या मानाने लहान. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तेव्हा सूर्यामुळे येणारी रोजची लाट शून्य. त्या काळात जमिनीचं तापमान खालीवर झालं तर ते हवामानामुळे, ढग आले, वारा फिरला, वादळ आलं म्हणून, २४ तासांच्या चक्रामुळे नाही.

आता अंटार्क्टिकातलं भारताचं मैत्री स्टेशन घ्या, शिर्माकर ओएसिसमध्ये, साधारण ७०.८ दक्षिण. तिथे डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य ४२-४३ अंशांवर आणि मध्यरात्री जेमतेम ४ अंशांवर. फरक बघा किती मोठा झाला. वर तिथली जमीन उघडी, खडकाळ, उन्हाळ्यात बरीचशी हिमाशिवाय. त्यामुळे उन्हाळ्यात हवा शून्याखाली असतानाही दुपारी उन्हातल्या खडकाचा पृष्ठभाग शून्याच्या बराच वर जाऊ शकतो आणि 'रात्री' परत खाली येतो. म्हणजे 'ध्रुवीय प्रदेशात सहा महिने दिवस म्हणून रोजचा बदल नसतो' हे वाक्य जे सगळीकडे लिहिलेलं सापडतं ते अगदी ध्रुवबिंदूपुरतं खरं, बाकी प्रत्येक ठिकाणी अक्षांश बघूनच बोलायचं.

गंमत म्हणजे न्यी-आलेसुंद आणि मैत्री दोघांचं रेखांश जवळपास एकच आहे, १२ अंश पूर्वच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे सूर्य डोक्यावर येतो तो साधारण ११ वाजून १२-१३ मिनिटांनी, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनुसार, त्यात वर्षभरात पाव तासाच्या आसपास मागेपुढे होतं. हे लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: लाट किती खोल जाते ते कागदावर काढा

ही पायरी कोणी करत नाही आणि खरं तर सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो.

पृष्ठभागावर तापमान खालीवर झालं की ती लाट खाली सरकते, आणि सरकताना दोन गोष्टी होतात, लाट बारीक होत जाते आणि उशिरा पोचते. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर ऊन दुपारी असतं पण खालच्या खोलीत स्लॅबची झळ लागते ती संध्याकाळ उलटल्यावर, तेच इथे. किती बारीक होते त्याचा एक साधा हिशोब आहे. जमिनीची उष्णता-विसरणशीलता, म्हणजे थर्मल डिफ्युझिव्हिटी, तापमानाचा बदल जमिनीत किती झपाट्याने पसरतो ते सांगणारा आकडा, तिला लाटेच्या कालावधीने गुणा, पायने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं ती डॅम्पिंग डेप्थ. तेवढ्या खोलीवर लाटेची उंची पृष्ठभागाच्या ३७ टक्के उरते, त्याच्या तिप्पट खोलीवर ५ टक्के.

गोठलेल्या ओलसर जमिनीसाठी डिफ्युझिव्हिटी साधारण सेकंदाला एक चौरस मिलिमीटर धरा. २४ तासांच्या लाटेसाठी डॅम्पिंग डेप्थ येते १७ सेंमीच्या आसपास, वर्षाच्या लाटेसाठी ३.२ मीटर. दोघांमधला फरक ३६५ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १९ पट. म्हणून अर्ध्या मीटरच्या खाली रोजची लाट जवळपास मेलेली असते आणि तिथे जर तुम्हाला दर २४ तासांनी ठळक लाट दिसली तर समजायचं की सेन्सरची खोली चुकीची लिहिली आहे, किंवा केबलच्या बाजूने पाणी खाली झिरपतंय, किंवा लॉगरच, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवणारं यंत्र, उन्हात तापून चुकीचं वाचतोय. हा एक चेक केला तरी अर्धे घोळ तिथेच पकडले जातात.

उशिराचं गणितही याच्यातच आहे. एका डॅम्पिंग डेप्थला वार्षिक लाट ५८ दिवस उशिरा पोचते, रोजची लाट ३ तास ५० मिनिटं. समजा पृष्ठभागावर वार्षिक लाटेची उंची सरासरीच्या वर-खाली १२ अंश आहे. ५ मीटरवर ती उरेल साधारण अडीच अंश, आणि सगळ्यात गरम दिवस येईल तीन महिने उशिरा. १० मीटरवर तर उशीर सहा महिन्यांचा, म्हणजे वर जानेवारीचा काळोख आणि खाली उन्हाळा पोचलेला, फक्त तो उन्हाळा अर्ध्या अंशाचा असतो. हे पहिल्यांदा आपल्याच ग्राफमध्ये दिसतं ना तेव्हा खरंच फार भारी वाटतं.

पायरी ३: साफसफाई

इथे पटकन सांगतो. वेळ यूटीसी आहे की लोकल ते बघा, पहिल्या पायरीतली ११:१२ ची वेळ इथे कामी येते. वरच्या सेन्सरचा रोजचा हायेस्ट पॉइंट दुपारच्या नंतर एक-दोन तासांत यायला हवा, तो सकाळी येत असेल तर घड्याळ चुकलंय. दक्षिण गोलार्धाची फाईल असेल तर वर्ष जानेवारी ते डिसेंबर कापू नका, उन्हाळा मधोमध तुटतो, जुलै ते जून कापा. उत्तरेत हिवाळा तुटू नये म्हणून सप्टेंबर ते ऑगस्ट बरं पडतं.

सेन्सर कॅलिब्रेट केलाय का ते विचारा. चांगले थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) लावायच्या आधी बर्फ-पाण्याच्या बाथमध्ये शून्यावर तपासतात, आणि ते केलेलं नसेल तरी एक सोय आहे, ओली जमीन शरद ऋतूत गोठताना बराच काळ शून्यावर थांबते, त्या काळात सेन्सर ०.२ दाखवत असेल तर त्याची चूक साधारण तेवढीच आहे असं धरून दुरुस्ती करता येते. पण जमीन बारीक चिकणमातीची किंवा खारट असेल तर पाणी शून्याच्या थोडं खाली गोठतं, तिथे ही युक्ती वापरू नका.

आणि आकडे रिकामे असले तर रिकामेच ठेवा, मधे सरळ रेघ ओढून भरू नका, निदान वरच्या अर्ध्या मीटरमध्ये तरी नाही.

पायरी ४: एका वर्षाचा ग्राफ, आणि शून्यावर थांबलेली रेघ

आता सगळ्या सेन्सरच्या रेघा एकाच ग्राफवर काढा, एक वर्ष, आडवी शून्याची रेघ जाडसर. आणि मग घाई न करता बघत बसा.

उन्हाळ्यात वरचे सेन्सर एकेक करून शून्याच्या वर जातात, आधी ५ सेंमी, मग २०, मग ५०. ज्या दिवशी ज्या खोलीचा सेन्सर शून्य ओलांडतो त्या दिवशी वितळणारी सीमा तिथे पोचली. ती वेगाने सुरू होते आणि खाली जाता जाता मंदावते, आणि सगळ्यात खोल पोचते ती उन्हाळा संपत आल्यावर, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. म्हणून अ‍ॅक्टिव्ह लेयरची जाडी जुलैत मोजून उपयोग नाही. काम (CALM) नावाचं एक आंतरराष्ट्रीय नेटवर्क आहे, सर्कम्पोलर अ‍ॅक्टिव्ह लेयर मॉनिटरिंग, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच करतंय, चौकोनी ग्रिड आखायचा, ११ गुणिले ११ म्हणजे १२१ पॉइंट, आणि उन्हाळ्याच्या शेवटी प्रत्येक पॉइंटवर लोखंडी सळई खाली ढकलायची, कडक लागेपर्यंत. साधी पद्धत आहे पण एका सेन्सरपेक्षा खूप जास्त सांगते, कारण दहा पावलांवर जाडी बदलते.

मग येतो शरद ऋतू, आणि इथे ग्राफमध्ये अशी गोष्ट होते जी लहरींच्या गणितात बसत नाही. हवा उणे ५, उणे १० वर गेली तरी जमिनीतले सेन्सर शून्यावर येतात आणि तिथेच अडकतात. आठवडा, दोन आठवडे, कुठे कुठे दोन-दोन महिने. याला झीरो कर्टन म्हणतात. कारण असं की एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं, आणि तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण तेवढीच उष्णता काढावी लागते. म्हणजे वरून थंडी उष्णता ओढून घेते आणि खालून गोठणारं पाणी ती पुरवत राहतं, जोपर्यंत पाणी संपत नाही तोपर्यंत तापमान हलत नाही. आणि संपलं की रेघ धाडकन खाली.

या सपाट भागाची लांबी दर वर्षी मोजून ठेवा, खोलीनुसार. जमिनीत पाणी किती होतं, हिम लवकर पडलं का उशिरा, हिवाळा किती कडक होता, याचा सगळ्याचा ठसा त्यात असतो. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये मात्र जमीन इतकी कोरडी आहे की बऱ्याच ठिकाणी हा सपाट भाग जवळजवळ दिसतच नाही, तिथे गोठायला पाणीच नाही. तेव्हा तो नसला म्हणजे डेटा खराब असं नाही.

अजून एक, वार्षिक सरासरी खोलीनुसार मांडून बघा. बऱ्याच ठिकाणी पर्माफ्रॉस्टच्या माथ्यावरची सरासरी पृष्ठभागापेक्षा थंड निघते आणि नवीन माणूस गडबडतो. पाण्यापेक्षा बर्फ उष्णता जवळपास चौपट वेगाने वाहून नेतो, म्हणून हिवाळ्यातली थंडी गोठलेल्या जमिनीतून सहज खाली जाते आणि उन्हाळ्यातली ऊब वितळलेल्या जमिनीतून तेवढी जात नाही. शेवाळ आणि पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीत हा फरक सगळ्यात जास्त.

पायरी ५: हिमाशिवाय काहीच समजणार नाही

हवेच्या तापमानाचा ग्राफ जमिनीच्या ग्राफवर ठेवला की हिवाळ्यात दोघांचं पटत नाही हे दिसेल. हवा उणे २५, जमीन उणे ८. मधे हिम आहे. ताज्या मऊ हिमात हवाच जास्त, त्यामुळे ते उष्णता जाऊ देत नाही. अर्धा मीटर हिमाखाली जमिनीला बाहेरचं वादळसुद्धा कळत नाही. म्हणून ज्या वर्षी ऑक्टोबरातच जाड हिम पडलं त्या वर्षी जमीन गरम राहते आणि ज्या वर्षी वाऱ्याने टेकडी उघडी ठेवली त्या वर्षी थंड होते, हवा दोन्ही वर्षी सारखी असली तरी. पन्नास मीटरवरच्या दोन बोअरहोलमध्ये सरासरीत दोन-तीन अंशांचा फरक निघतो तो बरेचदा फक्त यामुळे, एक खळग्यात आहे आणि एक उंचवट्यावर.

हिमाची खोली मोजलेली नसेल तरी वरच्या सेन्सरवरून अंदाज काढता येतो. दर दिवसाचा जास्तीत जास्त आणि कमीत कमी यातला फरक काढा. हिम नसताना तो अनेक अंश असतो, हिम पडलं की एकदम अर्ध्या अंशाच्या आत येतो. वसंतात हिम वितळताना पाणी खाली झिरपतं आणि सेन्सर शून्यावर चिकटतो, आणि ज्या दिवशी तो परत उड्या मारायला लागतो त्या दिवशी जमीन उघडी पडली. दरवर्षीच्या या दोन तारखा एका कागदावर लिहिल्या की अर्धी कहाणी तुमच्या हातात आली.

स्वालबार्डची फाईल असेल तर अजून एक गोष्ट दिसेल आणि तिला एरर समजून डिलीट करू नका. ऐन जानेवारीत, काळोखात, वरचा सेन्सर उणे सहावरून उडी मारून शून्याजवळ येतो आणि काही दिवस तिथे राहतो. तो हिमावर पडलेला पाऊस असतो. पाणी हिमातून खाली जातं, तळाशी गोठतं आणि गोठताना उष्णता सोडतं. २०१२ च्या जानेवारीच्या शेवटी न्यी-आलेसुंदमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता, त्या आठवड्याचा ग्राफ उघडून बघाच. नंतर त्या पाण्याचा जो कडक थर जमिनीवर बसतो त्याच्याखाली रेनडिअरचं खाणं अडकतं, त्यामुळे हा विषय नुसत्या तापमानाचा राहत नाही.

पायरी ६: रोजची लाट वेगळी काढा

वर्षाच्या ग्राफमधून २४ तासांची चालती सरासरी वजा करा, उरेल ती रोजची लाट आणि हवामानाचा गोंगाट. ती महिन्यानुसार बघा. सर्वसाधारण अपेक्षा अशी की जमीन उघडी आणि सूर्य दुपारी वर-रात्री खाली, या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा लाट मोठी. स्वालबार्डमध्ये एप्रिलमध्ये सूर्याचा खालीवर भरपूर, पण तेव्हा हिम असतं, म्हणून खाली काही पोचत नाही. जून-जुलैमध्ये जमीन उघडी पडते, लाट दिसते, पण ढगाळ आठवड्यात ती गायब होते. मैत्रीच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ आकाश असेल तर ती एकदम ठळक येते.

ज्यांना स्वतः सेन्सर लावायला जायचंय त्यांच्यासाठी: सगळ्यात वरचा सेन्सर उघडा ठेवू नका, उन्हात तो स्वतःचंच तापमान मोजतो. दोन-तीन सेंमी मातीखाली ठेवा. पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये सेन्सर दाट लावा आणि खाली विरळ, कारण बदल वरच असतो. वर दर तासाला रीडिंग, ५ मीटरच्या खाली दिवसाला एक पुरतं, बॅटरी वाचते. खोदलेली माती ज्या थरातून काढली त्याच क्रमाने परत भरा, आणि पहिल्या वर्षाच्या डेटावर फार विसंबू नका, खणल्यामुळे बिघडलेली जमीन पूर्ववत व्हायला वेळ घेते.

पायरी ७: आता खोल बोअरहोल, आता ट्रेंड

गोठलेल्या भागातले दोन सेन्सर घ्या, जिथे कधीच वितळत नाही असे. समजा ४ मीटरवर वार्षिक लाटेची उंची ३ अंश आणि ७ मीटरवर १.२ अंश. ३ भागिले १.२ म्हणजे अडीच, त्याचा नॅचरल लॉग ०.९२, आणि ३ मीटर भागिले ०.९२ म्हणजे डॅम्पिंग डेप्थ ३.३ मीटर. आता उशिरावरूनही तेच काढा, दोघांमध्ये ५३ दिवसांचं अंतर असेल तर तेही ३.३ च देतं. दोन्ही उत्तरं जुळली तर उष्णता फक्त वाहूनच जातेय, मधे पाणी फिरत नाही आणि सेन्सर ठीक आहेत. नाही जुळली तर थांबा आणि कारण शोधा, ट्रेंडकडे जाऊ नका.

ज्या खोलीवर वार्षिक लाट ०.१ अंशाच्या आत येते तिथून खाली ऋतू संपतात. बहुतेक ठिकाणी ही खोली १० ते २० मीटर. तिथला एक आकडा म्हणजे कित्येक वर्षांची आपोआप झालेली सरासरी. वर्गमुळाचा तोच नियम पुढे चालवा, शंभर वर्षांच्या लाटेची डॅम्पिंग डेप्थ ३० मीटरपेक्षा जास्त येते, म्हणून खोल बोअरहोलला मागचं शतक आठवतं. १९८६ मध्ये उत्तर अलास्कातल्या तेलविहिरींच्या तापमानावरून हेच दाखवलं गेलं, वरच्या भागातला वक्र वाकलेला होता आणि त्यातून निघालं की विसाव्या शतकात तिथला पृष्ठभाग २ ते ४ अंशांनी तापलाय, तेही हवामान केंद्राची मदत न घेता. स्वालबार्डमध्ये यान्सनहाउगेनला १९९८ मध्ये १०२ मीटरचं बोअरहोल केलंय ते याचसाठी.

जगभरच्या बोअरहोलचा एकत्र हिशोब २०१९ मध्ये आला, २००७ ते २०१६ या काळात पर्माफ्रॉस्ट सरासरी ०.२९ अंशांनी तापला, सलग पर्माफ्रॉस्टच्या थंड प्रदेशात ०.३९ आणि तुकड्या-तुकड्यांनी असलेल्या उबदार प्रदेशात ०.२०. इथे नवीन माणूस हमखास म्हणतो की उबदार भागात वाढ कमी, म्हणजे तिथे बरं चाललंय. अगदी उलट. उणे १ च्या आसपासच्या जमिनीत येणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, तापमानात दिसतच नाही, झीरो कर्टनचंच हे मोठं रूप. उणे ८ वरची चढती रेघ दिसते भयानक, पण ती जमीन अजून कडक आहे, आणि उणे अर्ध्यावरची सपाट रेघ जिच्यावर उभी आहे ती घरं, रस्ते, पाइपलाइन आधी खचतात. म्हणून ट्रेंडच्या टेबलात दर वर्षी किती वाढलं या कॉलमशेजारी शून्यापासून किती दूर आहे हा कॉलम टाका आणि शक्य असेल तर जमिनीत बर्फ किती टक्के आहे तोही. हे तीन आकडे शेजारी असल्याशिवाय दोन साइटची तुलना करू नका.